खुर्ची रिकामी का झाली, हे आधी विचारा

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत)

मी ३९ वर्षांचा, मूळचा कोल्हापूरचा. तालमीच्या फुटबॉल संघातून खेळलो, पुढे शाळेत खेळाचा शिक्षक झालो आणि एकेक लायसन्स करत देशातल्या वरच्या लीगमधल्या एका नावाजलेल्या क्लबात पोहोचलो. चार वर्षं तिथे सहायक प्रशिक्षक आहे, युवा संघही माझ्याकडेच असतो. गेल्या आठवड्यात क्लबानं मुख्य प्रशिक्षकांना काढलं. ते परदेशी होते आणि मला या क्लबात त्यांनीच आणलं होतं. त्याच रात्री मालकांचा फोन आला : "उरलेले अकरा सामने तुम्ही सांभाळा, हंगाम संपल्यावर बघू." माझा प्रो लायसन्सचा, म्हणजे प्रशिक्षकाच्या सगळ्यात वरच्या परवान्याचा, कोर्स चालू आहे, त्यामुळे परवानगीची अडचण येणार नाही, असं क्लब म्हणतो.

वडील म्हणतात, पेठेतला पोरगा एवढ्या मोठ्या क्लबाचा कोच होतोय, नाही कसलं म्हणतोस. तालमीतल्या मित्रांनी तर अभिनंदनाचा फलक छापायला टाकलाय. पत्नी कोल्हापुरात बँकेत आहे, मुलगी नववीत. पत्नी घाबरते. "हंगाम संपल्यावर काय?" एवढंच विचारते. मला भीती वाटते की आत्ता नाही म्हटलं तर असा फोन पुन्हा येणार नाही. आणि हो म्हटलं, तर ज्यांनी मला आणलं त्यांच्याच जागेवर बसल्यासारखं होईल. खरं सांगायचं तर सकाळी साडेसहाला पोरांबरोबर मैदानावर असतो, तो माझ्या दिवसातला सगळ्यात चांगला वेळ. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. काय करू?

उत्तर

तुमच्या पत्रात वडिलांचं मत आहे, मित्रांचं आहे, पत्नीचं आहे. मालकांचं मात्र कुठेच नाही. तुम्हीच का, आत्ताच का आणि आधीच्या माणसाला नेमकं कशासाठी काढलं, हे त्यांनी सांगितलेलं दिसत नाही. तुम्हीही विचारलेलं दिसत नाही. बाकीचं सगळं त्या उत्तरावर अवलंबून आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

संघ हरत होता म्हणून प्रशिक्षक गेला, असं बाहेरून दिसतं. दर वेळी तसं नसतं. २०२० च्या जानेवारीअखेरीस एफसी गोवानं सर्जिओ लोबेरा यांना दूर केलं, तेव्हा संघ गुणतालिकेत पहिला होता आणि साखळीतले तीनच सामने उरले होते. म्हणजे निकाल हे कारण असूच शकत नव्हतं. जबाबदारी आली गोव्याच्याच क्लिफर्ड मिरांडांवर. तुमच्यासारखेच ते सहायक होते. त्यांनी उरलेले सामने जिंकून लीग शिल्ड, म्हणजे साखळीत पहिल्या आलेल्या संघाची ढाल, गोव्यात आणली, आणि त्या पहिल्या क्रमांकामुळे एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब म्हणून गोव्याचं नाव लागलं. पुढच्या हंगामात मुख्य प्रशिक्षक कोण? स्पेनचे हुआन फेरांडो.

तीन वर्षांनी ओडिशा एफसीत जवळपास हेच घडलं. मार्च २०२३ मध्ये तिथले मुख्य प्रशिक्षक गेले, मिरांडांनी हंगामी सूत्रं घेतली आणि एप्रिलमध्ये कोझिकोडला बंगळुरू एफसीला २-१ असं हरवून सुपर कप जिंकला. ओडिशाचा तो पहिलाच मोठा करंडक. त्यानंतर क्लबानं मुख्य प्रशिक्षक नेमले ते लोबेरा. होय, तेच. मिरांडा मोहन बागानमध्ये सहायक म्हणून गेले.

यातून मिरांडांचं काही चुकलं असं कुणी म्हणणार नाही. त्यांच्यावर सोपवलेलं काम त्यांनी सोपवणाऱ्यांच्या अपेक्षेपेक्षा चांगलं केलं. पण मालकांच्या डोक्यात पुढच्या हंगामाची आखणी वेगळीच असेल, तर तुम्ही अकराच्या अकरा सामने जिंकलात तरी ती बदलेलच असं नाही. म्हणून त्यांना सरळ विचारा : पुढच्या हंगामासाठी तुमचं कुणाशी बोलणं चालू आहे का? हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. ते "हो" म्हणाले, तर तुम्हाला अकरा सामन्यांचं काम मिळतंय, एवढं स्पष्ट होईल. अकरा सामन्यांचं काम वाईट नसतं. वाईट काय, तर ते घेताना मनात पाच वर्षांचे मनोरे रचणं.

याची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी आधीच नाही म्हणायचं ठरवून बसले आहे. खालिद जमील नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये सहायक होते. जानेवारी २०२१ मध्ये तिथले मुख्य प्रशिक्षक काढले गेले आणि हंगामाच्या मध्यावर संघ त्यांच्याकडे आला. साखळीतला उरलेला एकही सामना न हरता त्यांनी संघाला उपांत्य फेरीत नेलं. त्याच वर्षी क्लबानं त्यांना कायम केलं. आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक झालेले ते पहिले भारतीय. ऑगस्ट २०२५ मध्ये ते देशाच्या संघाचे प्रशिक्षक झाले. तुमच्या मित्रांना हीच गोष्ट माहीत असणार, मिरांडांची नसणार. फलकावर छापायला हीच बरी पडते.

पण जमीलांची गोष्ट नीट, मागून पुढे वाचा. मुंबई एफसीसारख्या बेताच्या पैशांच्या क्लबात २००९ पासून सात वर्षं ते होते. करंडक नाही, दर हंगामात खालच्या जागांवरून संघ वाचवायचा, एवढंच काम. २०१६ मध्ये ते तिथून बाहेर पडले आणि मिझोरामच्या आयझॉलला गेले. आदल्या हंगामात आयझॉल आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमधून खाली घसरला होता आणि नंतर त्याला परत घेतलं गेलं होतं. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये एका बरोबरीच्या सामन्यानंतर तोच आयझॉल भारताचा विजेता झाला, आणि त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन खाली उतरला. विजेतेपदानंतर जमीलांना ईस्ट बंगालनं बोलावलं. तिथे एकच हंगाम टिकले. मग मोहन बागान, तेही हंगामाच्या उरलेल्या काळापुरतं. आणि त्यानंतर नॉर्थईस्टमध्ये ते सहायक म्हणून रुजू झाले! देशाचं विजेतेपद नावावर असलेला माणूस एक पायरी खाली उतरून सरावाचे शंकू पुन्हा मांडायला तयार झाला. पुढचं सगळं त्या तयारीमुळे शक्य झालं.

आता तुमच्या भीतीकडे येते : "असा फोन पुन्हा येणार नाही." तुम्ही हे गृहीत धरलंय, तपासलेलं नाही. मिकेल आर्टेटाचं नाव २०१८ मध्ये लंडनच्या आर्सेनल क्लबाच्या मुख्य प्रशिक्षकपदासाठी अगदी शेवटपर्यंत चर्चेत होतं. क्लबानं उनाई एमरींना निवडलं. आर्टेटा पेप ग्वार्डिओलांचा सहायक म्हणून मँचेस्टर सिटीतच राहिला. दीड वर्षानं त्याच आर्सेनलनं त्याला बोलावलं. ज्यांना आधी निवडलं होतं त्या एमरींचं काय झालं? नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांना काढलं. ते स्पेनमध्ये व्हिलारियालला गेले आणि २०२१ मध्ये मँचेस्टर युनायटेडला हरवून युरोपा लीग जिंकले. त्याच वर्षी न्यूकॅसलनं, नव्या सौदी मालकांच्या पैशांसह, त्यांना विचारलं. हंगाम चालू असताना एमरींनी नकार दिला. काही महिन्यांत व्हिलारियाल युरोपातल्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत होता, आणि वर्षभरात अॅस्टन व्हिलाचा फोन आलाच. झाबी अलोन्सोलाही २०२४ मध्ये लिव्हरपूल आणि बायर्नसाठी विचारलं जात होतं, तेव्हा त्यानं लेव्हरकुझेनमध्ये आणखी एक वर्ष राहायचं ठरवलं. कुणी त्याला विसरलं नाही.

तुम्ही म्हणाल, ही सगळी युरोपातली मोठी नावं. बरोबर आहे. भारतीय प्रशिक्षकासाठी इथे दारं मुळातच कमी आहेत. जमीलांच्या आधी आयएसएलची सात वर्षं एकाही भारतीयाला ती जागा पूर्णवेळ मिळाली नव्हती. तेव्हा तुमची भीती निराधार नाही, फक्त तिला तुम्ही जरा जास्त वजन देताय. ज्या क्लबानं चार वर्षं तुमचं काम पाहिलं आणि अडचणीच्या रात्री पहिला फोन तुम्हाला लावला, तो एका नकारानं तुमचं नाव कायमचं पुसून टाकेल का? तसं असेल, तर त्या क्लबाबद्दल तुम्हाला बरंच काही कळलं म्हणायचं.

मला मात्र तुमच्या पत्रातलं एक वाक्य या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. सकाळी साडेसहाचं. ते तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंत. मोठ्या क्लबाचा मुख्य प्रशिक्षक झाल्यावर पहिली जाते ती हीच वेळ. सर ॲलेक्स फर्ग्युसन मँचेस्टर युनायटेडमध्ये साडेसव्वीस वर्षं होते, पण रोजचा सराव त्यांनी मोठ्या प्रमाणात सहायकांवर सोपवला होता. स्वतः ते कडेला उभे राहून पाहत. त्यांचं म्हणणं असं की दुरून जास्त दिसतं. त्यांना ते मानवलं. तुम्हाला मानवेल का? तुम्हाला आवडतं ते काम आणि तुम्हाला देऊ केलेलं काम ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं हे पहिल्याची बढती आहे असं सगळ्यांनी, तुम्हीही, धरून चालला आहात.

त्या दुसऱ्या कामात काय असतं, ते सहायक म्हणून तुम्ही जवळून पाहिलं आहे, पण तुमच्या अंगावर आलेलं नाही. सव्वीस खेळाडूंपैकी पंधरा जणांना दर आठवड्याला सांगायचं की तू पहिल्या अकरांत नाहीस. एजंटचे फोन. मालकांच्या पुतण्याला आवडणारा एखादा स्ट्रायकर. सामना हरल्यावर दहा मिनिटांत कॅमेऱ्यासमोर बसून, खेळाडूला उघडं न पाडता आणि खोटंही न बोलता, उत्तरं द्यायची. कालपर्यंत खेळाडू "सर आम्हाला खेळवत नाहीत हो" म्हणून तुमच्याच खांद्यावर येत होते. सोमवारपासून ते तुमची तक्रार दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर करतील, आणि तुम्ही खोलीत शिरलात की बोलणं थांबेल. क्लबातूनच वर गेलेल्या सहायकाला हे सगळ्यात जास्त लागतं. बाहेरून आलेल्या माणसाला ते मुळात कळतच नाही.

ग्रॅहम पॉटर यांचं उदाहरण तुमच्यासाठी मुद्दाम देते, कारण तुमच्यासारखेच ते पायरी-पायरीनं आले. स्वीडनमधल्या ओस्टरसुंड या छोट्या क्लबाला त्यांनी चौथ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत नेलं, २०१७ मध्ये स्वीडिश कप जिंकला, पुढच्या वर्षी लंडनमध्ये जाऊन आर्सेनलला हरवलं. मग स्वान्सी, मग ब्रायटन. सगळीकडे हळूहळू घडवणारा माणूस म्हणून नाव. सप्टेंबर २०२२ मध्ये चेल्सीनं पाच वर्षांच्या करारावर नेलं. त्या जानेवारीत क्लबानं एका झटक्यात आठ नवे खेळाडू घेतले. ज्याची ताकद सावकाश जुळवण्यात, त्याच्यासमोर अशी गर्दी, आणि वेळ नाही. एप्रिल २०२३ च्या सुरुवातीला ते बाहेर. पॉटर सात महिन्यांत अडाणी झाले नव्हते. तिथलं काम वेगळं होतं.

कार्लोस केरोश यांच्या वाट्यालाही असंच आलं. फर्ग्युसन यांचे सहायक म्हणून ते उत्तम. २००३ मध्ये रेआल माद्रिदनं मुख्य प्रशिक्षक केलं, एका हंगामानंतर काढलं. ते पुन्हा युनायटेडमध्ये सहायक म्हणून आले आणि आणखी चार वर्षं तिथे राहिले. परतीचं दार उघडं होतं, म्हणून ती उडी त्यांना परवडली. तुमचं दार कोण उघडं ठेवणार आहे?

तुमच्या पत्नीचा प्रश्न नेमका हाच आहे. तुम्ही लिहिलंय "पत्नी घाबरते". मी पत्र पुन्हा वाचलं, मला घाबरणं कुठे दिसलं नाही. "हंगाम संपल्यावर काय?" हा बँकेत काम करणाऱ्या बाईचा सरळ, व्यवहारी प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे नाही, मालकांकडेही नाही. "बघू" हे उत्तर होत नाही. तिला भित्री ठरवून तुम्ही स्वतःची त्या प्रश्नातून सुटका करून घेताय का, हे जरा तपासा.

आणि भीती असलीच, तर तीही अगदीच पोकळ नाही. पॉटर यांनी चेल्सीत असताना जाहीरपणे सांगितलं होतं की त्यांच्या आणि त्यांच्या मुलांच्या मरणाची इच्छा व्यक्त करणारे ईमेल त्यांना येतात. तुमची मुलगी नववीत आहे, तिच्या हातात फोन असणार. हरलेल्या सामन्यानंतर लोक तुमच्याबद्दल काय लिहितात ते ती वाचणार. तुम्ही नको म्हटलंत तरी वाचणार. हे तिच्याशी आधी बोला. केनी डल्ग्लिश यांनी फेब्रुवारी १९९१ मध्ये लिव्हरपूल सोडलं, तेव्हा संघ तालिकेत वरच होता. दोन वर्षांपूर्वीच्या हिल्सबरो दुर्घटनेत गेलेल्या चाहत्यांच्या अंत्यविधींना ते एकामागून एक गेले होते आणि ते सगळं आत साठलं होतं. त्याच क्लबाचे जेरार हुलिये २००१ मध्ये सामन्याच्या मध्यंतरात छातीत दुखू लागून कोसळले, महाधमनीची मोठी शस्त्रक्रिया झाली, पाच महिने बाहेर राहावं लागलं. हे घाबरवायला सांगत नाही. तुम्ही झोपता किती, रक्तदाब शेवटचा कधी तपासला, हे प्रश्न करारातल्या कलमांइतकेच खरे आहेत म्हणून सांगते.

मग या नोकरीत आहे तरी काय, की माणसं तिच्यामागे धावतात? पैसा आहे, नाव आहे, पण तेवढ्यावर कुणी पन्नाशीत पुन्हा पुन्हा त्या आगीत जात नाही. सहायकाच्या मनात कायम एक न खेळलेला सामना असतो : मी असतो तर डावीकडून त्या पोराला उतरवलं असतं, मी असतो तर दुसऱ्या सत्रात दोनच बचावपटू मागे ठेवले असते. मुख्य प्रशिक्षक झाल्यावर ते "असतो तर" संपतं. तुमच्या डोक्यातला खेळ अकरा चांगल्या खेळाडूंच्या पायांत उतरतो, आणि बरोबर की चूक हे नव्वद मिनिटांत हजारोंच्या देखत ठरतं. शाहू स्टेडियमवर तालमीचा सामना भरलेला असताना तुम्ही खेळला आहात, त्यामुळे ती झिंग काय असते ते मी तुम्हाला सांगायला नको. ही ओढ खोटी नाही आणि तिची लाज वाटायचं कारण नाही. तुम्हाला ती आहे का, हे मात्र तुमच्या पत्रातून मला कळलं नाही. वडिलांना आहे, मित्रांना आहे, ते दिसलं.

आणखी एक गैरसमज जाता जाता काढते. जिंकलं की जागा पक्की, असं नाही. मुंबई सिटीचे डेस बकिंगहॅम लीग शिल्ड जिंकून २०२३ मध्ये आपल्या गावच्या ऑक्सफर्ड युनायटेडला गेले. मे २०२४ मध्ये वेम्बलीवर जिंकून त्यांनी क्लबाला वरच्या श्रेणीत नेलं. डिसेंबरमध्ये काढले गेले. टॉटनहॅमच्या अँज पोस्टेकोग्लू यांनी मे २०२५ मध्ये युरोपा लीग जिंकून क्लबाचा सतरा वर्षांचा करंडकाचा दुष्काळ संपवला, आणि सोळा दिवसांनी त्यांची नोकरी गेली. डेव्हिड मॉइस यांना तर खुद्द फर्ग्युसन यांनी निवडलं होतं, सहा वर्षांचा करार होता. दहा महिने टिकले.

तेव्हा करारावर वर्षं किती लिहिली आहेत हे पाहू नका. काढल्यावर काय मिळणार, ते पाहा. युरोपात काढलेला प्रशिक्षक बहुधा भरपाई घेऊन घरी बसतो. आपल्याकडे तसं गृहीत धरता येत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात लीगच्या व्यावसायिक हक्कांच्या करारावरून आयएसएलच लांबणीवर पडली आणि काही क्लबांनी पगार थांबवले, ते तुम्ही पाहिलंच आहे. त्यात ज्यांचा कागद पक्का होता आणि घरात दुसरा पगार होता, त्यांनी दिवस काढले. तुमच्या घरात दुसरा पगार आहे. ज्यांना तुम्ही घाबरट म्हणताय त्यांचाच.

आता माझं मत. मालक तुमची सध्याची जागा लेखी राखून ठेवायला तयार असतील, म्हणजे हंगाम संपल्यावर तुम्ही त्याच पगारावर युवा संघाकडे परत याल असं पत्र देत असतील, तर ही जबाबदारी घ्या. अकरा सामने म्हणून घ्या, स्वप्न म्हणून नको. ते तयार नसतील, तर नाही म्हणा. कारण मग ते तुम्हाला मुख्य प्रशिक्षक करत नाहीत, एक चांगला युवा प्रशिक्षक स्वस्तात खर्ची घालतायत. मिरांडा गोव्यात फेरांडोंच्या हाताखालीही काम करत राहिले, म्हणजे असं परतणं आपल्याकडे अशक्य नाही. फक्त ते तोंडी आश्वासनावर सोडू नका.

दुसरं मागा, ते अंतिम अकरा निवडण्याचा अधिकार. पूर्ण, एकट्याचा. तोही लेखी असेल तर उत्तम, निदान मालक आणि व्यवस्थापक दोघांसमोर बोललेला असावा. अकरा सामन्यांत खेळाडू विकत घेता येणार नाहीत, सराव बदलायला वेळ नाही, हातात एवढी एकच गोष्ट असते. ती नसेल तर दोष तेवढा तुमचा, संघ दुसऱ्याचा. आणि युवा संघाचा सराव या काळात कोण घेणार, ते नाव तुम्ही सुचवा. तुमच्या पोरांना अकरा सामने वाऱ्यावर सोडलंत, तर परत याल तेव्हा परतण्यासारखं काही उरलेलं नसेल. जमलं तर आठवड्यातली एक सकाळ त्यांच्यासाठी ठेवा. बाकी मुख्य प्रशिक्षक हसतील, हसू देत.

तुमच्या जुन्या प्रशिक्षकांना फोन करा. होकार कळवण्याआधी, नंतर नव्हे. परवानगी मागायला नको, ती द्यायचा त्यांना अधिकारही नाही आणि तशी अपेक्षाही त्यांना नसेल. या धंद्यात एकाच्या जाण्यानंतर दुसरा बसतो, हे तेही जाणतात, तेही असेच कुणाच्या तरी नंतर आले होते. पण बातमी त्यांना तुमच्या तोंडून कळली पाहिजे, फलकावरून नाही. आणि त्याच फोनवर विचारा : तुम्हाला खरं का काढलं? मी सुरुवातीला म्हटलं ते उत्तर मालकांपेक्षा त्यांच्याकडून जास्त नेमकं मिळेल. थोडी कडवट बाजू वजा करून ऐका.

वडिलांबद्दल. "पेठेत मान" ही कोल्हापुरात लहान गोष्ट नाही, मी ती हसण्यावारी नेणार नाही. पण पेठेनं तालमीचे किती कोच एका हंगामात डोक्यावर घेतले आणि पुढच्या हंगामात बदलले, याची आठवण तुम्ही त्यांना प्रेमानं करून देऊ शकता. त्यांना ती माझ्यापेक्षा जास्त असणार. मित्रांना मात्र फलक थांबवायला सांगा, निदान शुक्रवारपर्यंत. एकदा चौकात तुमचा फोटो लागला की निर्णय तुमचा राहत नाही.

असंच पत्र आणखी काही वाचकांकडून येतं, फुटबॉल सोडून. वरचा माणूस अचानक गेला, साहेबांनी बोलावून "तूर्तास तुम्ही बघा" म्हटलं : शाळेत, पतसंस्थेत, दवाखान्यात. त्यांनी वरच्यातलं फुटबॉल वजा करून बाकीचं घ्यावं. प्रभारी म्हणून काम करताना जुनं पद आणि जुना पगार लेखी राखून घ्या, अधिकार कोणते आणि कुठवर ते ठरवून घ्या, मुदत कागदावर तारखेसह घाला. आणि जे तरुण कोच "आयएसएलचा कोच व्हायचंय" असं लिहितात, त्यांना एवढंच : सी, बी, ए, प्रो ही लायसन्सची शिडी आहेच, पण जमीलांची मुंबई एफसीतली सात वर्षं कुठल्याही कोर्समध्ये मिळत नाहीत. गावातली, तालुक्यातली, शाळेतली टीम मिळत असेल तर ती आधी घ्या.

तुमच्यासाठी शेवटचं. शुक्रवार ही मुदत त्यांची आहे. पुढचा सामना रविवारी असेल तर घाई त्यांना आहे, तुम्हाला नाही, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांना तुमची गरज तुमच्या गरजेपेक्षा जास्त आहे. ही स्थिती पहिला सामना झाला की संपेल. म्हणून मागायचं ते सगळं आत्ता, बुधवार-गुरुवारात मागा. आज रात्री पत्नीबरोबर बसून मागण्या लिहून काढा, आकडे तिला घालू द्या. कराराचा मसुदा आला की क्लबाच्या नव्हे, तुमच्या ओळखीच्या वकिलाला दाखवा. मसुदा शुक्रवारपर्यंत आलाच नाही, तर रविवारचा एक सामना सहायक म्हणूनच बाकावर बसून सांभाळा आणि सही पुढच्या आठवड्यावर टाका.